दोन सेकंदांना एक अक्षर

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू साधारण एक घन मायक्रॉनचा. एका मिलिलिटरमध्ये असे एक लाख कोटी मावतील. तो चाळीस मिनिटांत दुप्पट होण्याइतक्या बेताच्या वेगाने वाढत असला, तर त्या एका घन मायक्रॉनात सुमारे वीस हजार रायबोसोम आणि दोन लाखांच्या घरात टीआरएनए असतात. रायबोसोम म्हणजे प्रथिनं जोडणारं यंत्र आणि टीआरएनए म्हणजे त्या यंत्राला एकेक अमिनो आम्ल आणून देणारा रेणू. टीआरएनए संपूर्ण आरएनएचा असतो, रायबोसोम बराचसा. एका रायबोसोममध्ये आरएनएची ४,५६६ अक्षरं असतात, एका टीआरएनएमध्ये ७६च्या आसपास. गुणाकार केला तर दहा कोटी साठ लाखांच्या पुढे जातो. हे सगळं दर चाळीस मिनिटांत नव्याने लिहून काढायचं, कारण तेवढ्यात एकाचे दोन जिवाणू व्हायचे असतात.

एवढ्यावर भागत नाही. बारावीच्या पुस्तकात आरएनएची अक्षरं चारच असतात: ए, यू, जी, सी. पेशीत मात्र आरएनए तयार झाला की त्यातली ठरावीक अक्षरं शोधून त्यांच्यात रासायनिक फेरफार केले जातात. कुणावर मिथाइल गट बसतो, कुणात गंधक येतं, कुणाची कडी एका बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूने जोडली जाते. ई. कोलायच्या प्रत्येक रायबोसोममध्ये असे ३६ फेरफार आहेत, आणि दर टीआरएनएमागे सरासरी सात-आठ. चाळीस मिनिटांत बावीस लाखांहून जास्त. म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक जिवाणू सेकंदाला नऊशेच्या वर अक्षरं दुरुस्त करतो, आणि तीही एवढ्या मोठ्या मजकुरातली नेमकी हवी तीच.

हे काम करणाऱ्या एन्झाइमांची रचना आणि कार्य या विषयावर जगभर पीएचडी होतात. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा एकच एन्झाइम येतं, कधी त्या एन्झाइमचा एकच तुकडा. लोकांना हा विषय सांगितला की ते विचारतात, ‘एवढ्याशा गोष्टीवर चार-पाच वर्षं?’ मला उलट वाटतं. वर दिलेले लाख-कोटींचे आकडे गुणाकाराने कुणालाही मिळतात. ज्याच्यासाठी चार-पाच वर्षं घालवावी लागतात तो आकडा फार लहान असतो, आणि चक्रावून टाकतो तो तोच.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओक रिज नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करायला हे गाव मुद्दाम वसवलं गेलं. अणुभट्टीतून निघणारी मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी आयन-विनिमयाचं तंत्र तेव्हा वापरात होतं. वाल्डो कोन हा रसायनज्ञ त्या कामात होता. युद्ध संपल्यावर त्याने तेच तंत्र आरएनएवर लावलं. त्याच्या आणि एलियट व्होल्किनच्या १९५१च्या प्रयोगाच्या आलेखात चार ओळखीच्या अक्षरांच्या शिखरांबरोबर पाचवं एक अनोळखी शिखर आलं. नंतर त्याचं नाव स्यूडोयुरिडीन ठरलं. आज आरएनएमधले असे १७०हून अधिक फेरफार माहीत आहेत. त्यातला सगळ्यात आधी सापडलेला हाच, आणि पेशीत मुबलक असणाऱ्यांपैकीही हा एक.

त्याची गंमत अशी, की त्याचं वजन बदलत नाही. युरिडीन म्हणजे यू या अक्षराचा बेस आणि साखर. बेस साखरेला एका नायट्रोजनमधून जोडलेला असतो. स्यूडोयुरिडीन करणारं एन्झाइम हा बंध तोडतं, बेस फिरवतं आणि एका कार्बनमधून पुन्हा त्याच साखरेला जोडतं. अणू तेच, तितकेच. मिथाइल गट बसला की रेणूचं वजन १४ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) वाढतं. टीआरएनएच्या पंचवीस हजार डाल्टनांपुढे ते काहीच नाही, पण वजन मोजणारं यंत्र ते पकडतं. इथे फरक शून्य.

मग मोजायचं कसं? त्याआधी हेही सांगायला हवं, की साधा टीआरएनए नुसता वाचायलाच किती माल लागला होता. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधल्या अ‍ॅलॅनिनच्या टीआरएनएचा अक्षरक्रम शोधला, तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकरीत वापरतात त्या यीस्टच्या १४० किलोंमधून शेवटी त्यांच्या हाती एक ग्रॅम शुद्ध टीआरएनए आला होता. त्यात ७७ अक्षरं आणि अनेक ठिकाणी फेरफार. हा जगात वाचला गेलेला पहिला आरएनए. १९६८ साली हरगोबिंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्याबरोबर हॉलींना नोबेल मिळालं. त्या एका ग्रॅममध्ये रेणू किती? एकावर साधारण एकोणीस शून्यं काढून त्याला अडीचने गुणा. ७७ अक्षरांच्या एका शब्दासाठी एवढ्या प्रती लागल्या.

इथे मला भास्कराचार्य आठवतात. चाळीसगावजवळच्या पाटण गावात ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तेच हे. ‘लीलावती’त त्यांनी दशमान स्थानांची नावं दिली आहेत: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. हॉलींच्या एका ग्रॅममधले रेणू जवळजवळ अडीचशे परार्ध भरतात. बाराव्या शतकात जिथे नावं संपली, तिथे हा विषय सुरू होतो. पुढे आकडे वाढतील तेव्हा मी परार्धच वापरणार आहे. ‘दहाचा एकविसावा घात’ म्हणण्यापेक्षा ते बरं.

आता आपल्या एन्झाइमकडे. ई. कोलायमध्ये स्यूडोयुरिडीन करणारी अकरा एन्झाइमं आहेत. त्यातलं ट्रूबी मी निवडलंय, कारण त्याच्यावर फार सुंदर काम झालंय. हे एन्झाइम प्रत्येक टीआरएनएमधलं ५५व्या स्थानावरचं यू हे अक्षर फिरवतं. बाकीचं काही करत नाही. त्याच्यात ३१४ अमिनो आम्लं आहेत. म्हणजे जनुकात त्याच्यासाठी जवळजवळ साडेनऊशे अक्षरं खर्ची पडली. ७६ अक्षरांच्या रेणूतलं एक अक्षर, तेही वजन न बदलता, नुसतं फिरवायला साडेनऊशे अक्षरांची सूचना! ही उधळपट्टी एकट्या ट्रूबीपुरती नाही. टीआरएनए लिहायला जेवढा डीएनए लागतो, त्याहून कितीतरी जास्त डीएनए जिवाणू टीआरएनएत फेरफार करणाऱ्या एन्झाइमांसाठी राखून ठेवतो.

ट्रूबी किती वेगाने काम करतं हे मोजायचं असेल तर ट्रिटियम लागतो. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. यूच्या ज्या कार्बनमधून नवा बंध होणार, नेमक्या त्याच कार्बनवर ट्रिटियम बसवलेलं यू घेऊन प्रयोगशाळेत टीआरएनए बनवायचा. एन्झाइमने बेस फिरवला की तो कार्बन साखरेला जोडला जातो, ट्रिटियमला तिथे जागा उरत नाही आणि तो पाण्यात जातो. मग आम्ल टाकून क्रिया थांबवायची आणि कोळशाची बारीक पूड घालायची. आरएनए कोळशाला चिकटून खाली बसतो. वरच्या पाण्यात जेवढी किरणोत्सारिता मिळेल तेवढी अक्षरं फिरली. पद्धत जुनी आहे, आणि मला तरी ती या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी वाटते. जे वजनाला सापडत नाही ते असं पाण्यातून मोजायचं!

आता आकडे बघा. ई. कोलायच्या फेनिलअ‍ॅलॅनिनच्या टीआरएनएमध्ये, कोणतेही फेरफार होण्याआधी, १६ यू असतात. सोळाच्या सोळांवर ट्रिटियम बसतो; ट्रूबी त्यातला एकच सोडवतं. म्हणजे प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला तरी पाण्यात येणारी किरणोत्सारिता एकूणाच्या सव्वासहा टक्केच. एका नळीत साधारण दहा पिकोमोल टीआरएनए घेतला तर ते होतात सहा लाख कोटी रेणू, आणि त्यांचं वजन भरतं पाव मायक्रोग्रॅम. ते नळीत आहेत की नाहीत हे डोळ्यांना कधीच कळणार नाही. क्रिया कशी पुढे सरकते ते पाहायचं तर काही मिलिसेकंदांत मिसळून, ठरल्या क्षणी थांबवणारं यंत्र लागतं. पहिला बिंदू पन्नास मिलिसेकंदांवर, पुढचा शंभरवर, मग दोनशे. असे बिंदू मांडत न्यायचे, मग तेच पुन्हा, मग एन्झाइमची नवी खेप करून पुन्हा तेच. गाइडला आलेख दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती वेळा केलंस?’

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लेथब्रिज विद्यापीठ आहे. तिथे उटे कोथे यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये ट्रूबी आणि त्या अकरांतलीच ट्रूए आणि आरएलयूए या तिघांचे वेग असे मोजून प्रसिद्ध केले. तिघांचाही वेग जवळपास सारखा निघाला: सेकंदाला सुमारे अर्धा. म्हणजे एक अक्षर फिरवायला दोन सेकंद.

जीवरसायनाच्या दृष्टीने हे विलक्षण संथ आहे. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं कार्बोनिक अनहायड्रेज सेकंदाला दहा लाखांच्या आसपास रेणू हातावेगळे करतं. रायबोसोमसारखं अवजड यंत्रसुद्धा सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं जोडतं. आणि ट्रूबी एका अक्षराला दोन सेकंद लावतं. शोधण्यात वेळ जात असेल असं कुणालाही वाटेल, पण तसं नाही. ई. कोलायच्या पेशीत एखाद्या प्रथिनाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. टीआरएनए तर दोन लाख आहेत, कुठेही वळलं तरी एखादा भेटतोच. भेटायला वेळ लागत नाही. लागतो तो एक बंध तोडून बेस फिरवून पुन्हा जोडायला.

का, याचा थोडा उलगडा २००१ मध्ये झाला होता. चार्मेन होआंग आणि एड्रियन फेरे-डी’अमारे यांनी ट्रूबी आणि टीआरएनएच्या एका तुकड्याचा एकत्र स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची रचना काढली. असा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा स्फटिक घेतला तर त्यात एन्झाइम आणि आरएनएच्या जोड्या एका शंकूच्या जवळपास असतात, म्हणजे दहा लाख कोटी, सगळ्या एकाच रांगेत, एकाच दिशेने तोंड करून. त्या रचनेत दिसलं, की ५५वं यू आपल्या जागेवर नाहीच. टीआरएनए इंग्रजी एलच्या आकारात दुमडलेला असतो आणि हे अक्षर त्याच्या कोपरात खोल दडलेलं असतं. ट्रूबी ती घडी उलगडतं, अक्षर उलटं बाहेर काढतं आणि स्वतःच्या खोबणीत घेतं. तिथे ४८व्या स्थानावर अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल असतं. ते काढून त्या जागी दुसरं काही बसवलं की रसायन बंद पडतं. स्यूडोयुरिडीन करणाऱ्या सगळ्या एन्झाइमांत हे अ‍ॅस्पार्टेट आहे. ३१४ पैकी एक.

इतक्या संथ एन्झाइमवर जिवाणूचं भागतं कसं? हिशेब करून पाहू. चाळीस मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद. तेवढ्यात दोन लाख टीआरएनए, म्हणजे सेकंदाला ८३. दर रेणूमागे दोन सेकंद, म्हणजे ट्रूबीच्या किमान १६५-१७० प्रती कायम कामावर हव्यात. ई. कोलायमध्ये एकूण प्रथिनं वीस-तीस लाख असतात. त्यात एवढ्या प्रती काहीच जड नाहीत. वेग वाढवायची गरजच पडली नाही, म्हणून वाढला नाही, असं म्हणून इथे थांबता आलं असतं.

पण खरं कोडं वेगळंच होतं. ट्रूबीचं जनुकच काढून टाकलं तर काय होतं, हे जेम्स ओफेनगँड यांच्या गटाने २००० मध्ये पाहिलं. काहीच झालं नाही. जिवाणू नेहमीच्या वेगाने वाढला. टीआरएनएत ५५व्या जागी स्यूडोयुरिडीन नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नाही. मग त्यांनी हे जिवाणू आणि मूळचे जिवाणू एकाच भांड्यात वाढवले. तेव्हा मात्र ट्रूबी नसलेले मागे पडत पडत दिसेनासे झाले.

या दोन निकालांत विरोध नाही, आणि तो का नाही हे आकड्यांतच दिसतं. समजा, दर पिढीला फक्त एका टक्क्याचा तोटा होतोय. चाळीस मिनिटांना एक पिढी, म्हणजे दिवसाला ३६. वाढीच्या आलेखात एक टक्का दिसतही नाही, मोजमापाच्या चुकीतच तो हरवतो. पण ०.९९चा छत्तिसावा घात घेतला की ०.७ येतो, एका दिवसात सत्तर टक्के. दहा दिवसांत ३६० पिढ्या, आणि शंभरास शंभर अशा बरोबरीने सुरुवात केलेल्यांचं प्रमाण शंभरास तीनच्याही खाली. ई. कोलाय आतड्यांत दहा दिवस नाही, कोट्यवधी वर्षं राहतोय. तिथे एक टक्काच काय, हजारातला एक हिस्साही फार झाला.

खरा धक्का पुढे आहे. ओफेनगँड यांच्या गटाने ट्रूबी नसलेल्या जिवाणूंना ट्रूबी परत दिलं, पण अ‍ॅस्पार्टेट बदललेलं, म्हणजे रसायन न करणारं. टीआरएनएत स्यूडोयुरिडीन आलं नाही. तरीही ते जिवाणू स्पर्धेत टिकले!

म्हणजे ज्या फेरफारावरून एन्झाइमला नाव मिळालं, तो फेरफार नसला तरी चालतो, पण एन्झाइम हवं. मग एन्झाइम करतं तरी काय? पंधरा-सोळा वर्षांनी, २०१६ मध्ये, कोथे यांच्याच प्रयोगशाळेतून उत्तर आलं. कोपरातलं अक्षर उलटं काढायचं तर ट्रूबीला टीआरएनएची घडी मोडावी लागते. काम झालं की ते सोडून देतं आणि टीआरएनए पुन्हा नव्याने दुमडतो. पहिल्या वेळी चुकीचा दुमडला गेला असेल तर ही त्याची दुसरी संधी. अ‍ॅस्पार्टेट नसलेलं ट्रूबीही घडी मोडतं आणि सोडतं. फक्त मधली रासायनिक पायरी त्याच्यात नाही. टीआरएनए नीट दुमडला की त्याच्यावर अमिनो आम्ल नीट चढतं. सेकंदाला अर्ध्या वेगाचं हे एन्झाइम मुळात घडी घालायला मदत करणारं निघालं. चार वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने शेजारच्या ५४व्या अक्षरावर मिथाइल बसवणाऱ्या टीआरएमए या एन्झाइमबद्दलही हेच दाखवलं.

संथपणा आता वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. दोन सेकंद रेणू हातात धरून ठेवणं हा बहुधा वेळेचा अपव्यय नसावाच. अर्थात हा माझा कयास. वेग मोजणारे प्रयोग आणि घडी मोजणारे प्रयोग हे दोन वेगवेगळे संच आहेत आणि त्यांची सांगड मी घालतोय.

ट्रूबीचं माणसातलं भावंड म्हणजे डिस्केरिन. जिवाणू आणि आपण वेगळे होऊन अब्जावधी वर्षं लोटली, तरी ते अ‍ॅस्पार्टेट तिथेही आहे. फरक असा, की डिस्केरिन स्वतः अक्षर शोधत नाही. त्याच्याबरोबर वाट दाखवणारा एक छोटा आरएनए असतो आणि त्याच्या मदतीने ते रायबोसोमवर नेमक्या जागी बसतं. असे वाटाडे शंभराच्या आसपास, कारण मानवी रायबोसोममध्ये स्यूडोयुरिडीनच्या जागाही शंभराच्या आसपास. शिवाय साखरेवर मिथाइल बसण्याच्या आणखी शंभरेक. म्हणजे एका रायबोसोममागे दोनशेच्या वर फेरफार. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी मिनिटाला ७,५०० रायबोसोम-अर्धुकं बनवतात. दोन अर्धुकांचा एक रायबोसोम धरला तर मिनिटाला ३,७५०, आणि फेरफार साडेसात लाख. एका पेशीत सेकंदाला साडेबारा हजार. टीआरएनए आणि प्रथिनांचा मजकूर रायबोसोमकडे नेणारे एमआरएनए यात धरलेलेच नाहीत.

माणसाच्या शरीरात केंद्रक असलेल्या पेशी सुमारे तीन लाख कोटी. तांबड्या पेशी संख्येने याच्या कितीतरी पट आहेत, पण त्या वगळू. प्रौढ तांबड्या पेशींत रायबोसोम उरलेले नसतात. पेशीमागे फक्त दहा लाख रायबोसोम धरले, हातचं राखूनच, तरी या क्षणी आपल्या अंगातल्या नुसत्या रायबोसोमांवर सहा हजार परार्ध फेरफार आहेत. आणि डिस्केरिनच्या जनुकात एखादं अक्षर चुकलं तर? १९९८ मध्ये कळलं, की डिस्केराटोसिस कंजेनिटा या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार अशाच चुकांमुळे होतो. नखं बिघडतात, त्वचेवर डाग येतात, पुढे अस्थिमज्जा निकामी होते. डिस्केरिन टेलोमरेज या एन्झाइमच्या आरएनएलाही सांभाळतं, त्यामुळे दोष रायबोसोमचा किती आणि टेलोमरेजचा किती यावर बराच वाद झाला आहे.

कोविडच्या लसीचा उल्लेख टाळता येणार नाही, पण थोडक्यात. फायझर-बायोएनटेकच्या एका डोसात ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए असतो. ४,२८४ अक्षरांचा एक रेणू धरून हिशेब केला तर सुईमागे तेरा लाख कोटी रेणू. त्यातल्या एकूण एक यूच्या जागी स्यूडोयुरिडीनचंच एक मिथाइलवालं रूप घातलेलं असतं, म्हणजे शरीर त्याला परका समजून आरडाओरडा करत नाही. काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या २००५च्या शोधाचं हे फळ, २०२३चं नोबेल. फरक इतकाच, की इथे कोणतंही एन्झाइम एकेक अक्षर शोधत बसत नाही; कारखान्यात माल घालतानाच यूऐवजी ते रूप घालतात. शोधण्याचा प्रश्नच काढून टाकला.

जिवाणू तो प्रश्न काढून टाकत नाहीत, आणि त्यातूनच आपल्याला त्रास होतो. एरिथ्रोमायसिन हे औषध रायबोसोममधून प्रथिन बाहेर पडतं त्या बोगद्यात अडकून बसतं. काही रोगजंतूंकडे ईआरएम नावाचं एन्झाइम असतं. ते रायबोसोमच्या मोठ्या अर्धुकातलं २,०५८वं अक्षर शोधतं, जे ए असतं, आणि त्यावर दोन मिथाइल गट बसवतं. बस्स. औषध तिथे बसूच शकत नाही, आणि एरिथ्रोमायसिनबरोबर त्या जातीची आणखी औषधंही निरुपयोगी होतात. रायबोसोमचं वजन पंचवीस लाख डाल्टन. दोन मिथाइलांनी वाढलेलं वजन २८. दहा टनांच्या एसटीत कुणी एकशे दहा ग्रॅमचा एक कांदा ठेवला आणि तेवढ्याने ठरावीक एका उतारूला गाडीत पाय ठेवता येईना, असं हे प्रमाण आहे.

ईआरएमचा जवळचा नातलग म्हणजे केएसजीए. तो बहुतेक सगळ्या जिवाणूंत असतो, निरुपद्रवी असतो, आणि लहान अर्धुकातल्या १,५१८ आणि १,५१९ या दोन शेजारच्या अक्षरांवर प्रत्येकी दोन मिथाइल बसवतो. त्याचं काम रायबोसोम घडवण्याशी संबंधित आहे, प्रतिजैविकाशी त्याचं वैर नाही. दोघांचा सांगाडा एकसारखा, रसायन तेच, मिथाइल देणारा रेणूही तोच. मग ४,५६६ अक्षरांतून एक इथे जातो आणि दुसरा तिथे, हे ठरतं कशावर? मुंबईत पवईला आयआयटीत रुची आनंद यांच्या प्रयोगशाळेने हाच प्रश्न घेतला. त्यांनी केएसजीएच्या सांगाड्याला हात न लावता त्याच्या पृष्ठभागावरची काही वळणं बदलून ईआरएमसारखी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हे संकरित एन्झाइम आपली मूळ जागा सोडून ईआरएमच्या जागेकडे वळलं. ते जिवाणूत घातलं, तर एरिथ्रोमायसिनच्या जातीची औषधं समोर असूनही जिवाणू वाढत राहिले.